रॉ की जेपेग : कॅमेऱ्यातली फाईल निवडण्याची पायरीपायरीने पद्धत

कॅमेऱ्याच्या मेनूत ‘इमेज क्वालिटी’ असा एक पर्याय असतो. रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची मोजमापं आणि जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेलं चित्र, यांतली निवड तिथे करायची. बहुतेक जण तो कॅमेरा हातात आला त्या आठवड्यात ठरवतात आणि पुढे त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ‘खरे फोटोग्राफर रॉमध्येच काढतात’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून रॉ. किंवा पहिल्याच दिवशी रॉ फाईल संगणकावर उघडली नाही, म्हणून कायमचं जेपेग. दोन्ही कारणं तकलादू आहेत.

प्रत्येक फोटोत काही निर्णय कुणाला तरी घ्यावेच लागतात. पांढरं किती पांढरं दिसावं, सावल्या किती उघडाव्यात, दाणे (अंधाऱ्या भागात दिसणारी खरखर) किती पुसावेत, कडा किती धारदार ठेवाव्यात. जेपेग काढता तेव्हा हे निर्णय कॅमेरा तिथल्या तिथे घेतो, तुम्ही आधी भरलेल्या सेटिंगनुसार, आणि ते बऱ्याच अंशी कायमचे असतात. रॉ काढता तेव्हा तेच निर्णय तुम्ही पुढे ढकलता. म्हणून स्वतःला विचारायचं ते असं : या प्रसंगाचे निर्णय मला आत्ता घेता येतील का? नसतील, तर नंतर संगणकासमोर बसून ते मी खरोखर घेणार आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर रॉ फायलींचा ढीग म्हणजे न संपणारी उधारी आहे.

पायरी १ : फाईलमध्ये नेमकं काय जातं ते समजून घ्या

सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू फक्त प्रकाश मोजतो, त्याला रंग कळत नाही. रंगासाठी प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. बहुतेक कॅमेऱ्यांतली रचना कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या नावाने ओळखली जाते. तिचं पेटंट १९७६ सालचं आहे. चार बिंदूंच्या प्रत्येक चौकटीत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. फुजीफिल्मच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत एक्स-ट्रान्स नावाची वेगळी मांडणी असते, तत्त्व तेच. म्हणजे प्रत्येक बिंदूकडे तीनपैकी एकाच रंगाचं मोजमाप असतं. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने काढावे लागतात. या क्रियेला डिमोझेइकिंग म्हणतात.

रॉ फाईलमध्ये ही गणितापूर्वीची मोजमापं असतात. सोबत कॅमेऱ्याने कोणती सेटिंग वापरली याची नोंद असते, आणि आत एक तयार जेपेगही दडवलेलं असतं. कॅमेऱ्याच्या पाठच्या पडद्यावर तुम्ही पाहता ते हे दडवलेलं जेपेग. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे हिस्टोग्रामच्या (फोटोतल्या उजेडाच्या वाटणीचा आलेख) वेळी तो कामाला येणार आहे.

जेपेगमध्ये कॅमेरा पुढचं सगळं काम उरकतो : डिमोझेइकिंग, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या छटेनुसार रंग जुळवणं), कॉन्ट्रास्टचा वक्र, दाणे पुसणं, धार लावणं. मग प्रत्येक रंगाचं मोजमाप ८ बिटांत बसवतो आणि शेवटी आकार लहान करतो. १९९२ साली मानक ठरलेली ही पद्धत उजेडाची माहिती रंगाच्या माहितीपासून वेगळी करते, चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यातला जो बारीक तपशील डोळ्याला सहसा जाणवत नाही तो ढोबळ करून टाकते. रंगाची माहिती तर अनेकदा निम्म्याच रेझोल्यूशनने ठेवली जाते, कारण आपला डोळा रंगाच्या बारकाव्यांपेक्षा उजेडाच्या बारकाव्यांना जास्त तीक्ष्ण असतो. फार हुशारीची युक्ती आहे ही. तीस वर्षांहून अधिक काळ जेपेग टिकलं ते उगाच नाही.

बिटांच्या हिशेबात एक गफलत सर्रास होते. १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या आणि ८ बिटांच्या जेपेगमध्ये २५६, म्हणून रॉ ‘चौसष्ट पट चांगली’ असं सांगितलं जातं. तसं नाही. रॉमधली मोजणी सरळ रेषेत असते : प्रकाश दुप्पट तर आकडा दुप्पट. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणं म्हणजे एक स्टॉप. त्यामुळे सर्वांत उजळ एका स्टॉपलाच ८,१९२ पायऱ्या मिळतात, त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, मग २,०४८. वरून सहाव्या स्टॉपला उरतात २५६. जेपेगमध्ये हीच मोजणी डोळ्याच्या सवयीनुसार वाकवून मांडलेली असते, म्हणून २५६ पायऱ्यांतही तयार चित्र गुळगुळीत दिसतं. फरक पडतो तो त्या चित्राला पुढे ताणायला गेलात की. सावली तीन स्टॉप उघडली तर रॉमध्ये खाली अजून पायऱ्या शिल्लक असतात. जेपेगमध्ये निळ्या आकाशात पट्टे उमटतात आणि सावल्यांत चौकोनी ठिगळं दिसू लागतात.

पायरी २ : रॉ काय वाचवते आणि काय नाही

सगळ्यात मोठा फायदा व्हाइट बॅलन्सचा, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही फक्त एक नोंद असते. लाल आणि निळ्या मोजमापांना किती पटीने गुणायचं हे नंतर ठरतं. तुम्ही ते ढगाळ हवेचं ठेवलं काय आणि बल्बचं ठेवलं काय, मूळ आकडे तेच. जेपेगमध्ये हा गुणाकार होऊन गेलेला असतो. पिवळ्या बल्बखाली चुकीच्या सेटिंगवर काढलेल्या जेपेगमध्ये लाल रंग वरच्या टोकाला आपटलेला असतो आणि निळा तळाला गेलेला असतो. तो फोटो थंड करायला जाल तर चेहरे राखाडी होतात. मिश्र प्रकाशात, म्हणजे खिडकीतून दिवसाचा उजेड आणि आत पिवळे दिवे, रॉ काढणं हे सावधपणाचं नव्हे तर गरजेचं काम आहे.

दुसरा फायदा उजळ भागांचा. जेपेगचा वक्र कॉन्ट्रास्ट वाढवताना वरचा भाग लवकर पांढरा करून टाकतो. रॉमध्ये त्याच्या वर थोडी जागा असते. किती, हे कॅमेऱ्यावर आणि वक्रावर अवलंबून. अर्धा-एक स्टॉप धरून चाला, जास्त मिळालं तर आनंद. सेन्सरचे तिन्ही रंग टोकाला पोचले असतील तर मात्र तिथे काहीच नोंदलेलं नाही. रॉ असो वा नसो, तो भाग गेला. एखादाच रंग टोकाला गेला असेल तर सॉफ्टवेअर उरलेल्या दोनांवरून अंदाज बांधतं, आणि हा अंदाज कधी छान जमतो, कधी ढगाला गुलाबी कडा येते.

सावल्यांच्या बाबतीत रॉ फारच उदार आहे, पण कमी आयएसओला (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता). आयएसओ १०० वर दोन-तीन स्टॉप उघडता येतात, आयएसओ ६४०० वर तेच करायला जाल तर दाणेच दाणे. १२ आणि १४ बिटांमधला फरकही याच कारणाने बहुतेक वेळा दिसत नाही. तो दिसतो फक्त कमी आयएसओच्या खोल सावल्यांत. एरवी जास्तीच्या पायऱ्या दाण्यांतच बुडून जातात.

दाणे पुसण्याचं काम मात्र रॉमधून निश्चितच चांगलं होतं. कॅमेऱ्याकडे हे करायला क्षणभर वेळ असतो, संगणकाकडे हवा तितका. लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ साली आलेलं डिनॉइज, किंवा डीएक्सओचं प्युअररॉ, ही साधनं सेन्सरच्या मूळ मोजमापांवर चालण्यासाठीच बनवली आहेत. याचा एक सुखद परिणाम असा की दहा वर्षांपूर्वीची रॉ फाईल आजच्या सॉफ्टवेअरमधून काढली तर तेव्हापेक्षा स्वच्छ निघते. दहा वर्षांपूर्वीचं जेपेग तेव्हा होतं तसंच राहतं.

आणि हे रॉ वाचवत नाही : हललेला फोटो, चुकलेला फोकस, बंद डोळे, कंटाळवाणा उजेड. ‘नंतर बघू’ ही सवय रॉमुळे लागते, आणि ती लागू देऊ नये.

पायरी ३ : स्वतःच्या कॅमेऱ्याची परीक्षा घ्या

इथवर वाचलेलं सगळं विसरलात तरी चालेल, पण ही परीक्षा जरूर करा. तासाभराचं काम आहे आणि कोणत्याही परीक्षणापेक्षा तुमच्या कॅमेऱ्याबद्दल जास्त सांगून जातं.

१. खिडकी, तिच्याबाहेरचं आकाश आणि खोलीतला अंधारा कोपरा एकाच चौकटीत येईल असं दृश्य निवडा. कॅमेरा तिवईवर, आयएसओ १००, ॲपर्चर कायम, मॅन्युअल मोड.

२. क्वालिटी ‘रॉ + जेपेग’ ठेवा, जेपेग सर्वांत वरच्या दर्जाचं.

३. कॅमेरा सांगतो ते एक्स्पोजर घेऊन एक फोटो काढा. मग फक्त शटरचा वेग बदलत एक आणि दोन स्टॉप जास्त, दोन आणि तीन स्टॉप कमी असे आणखी चार.

४. व्हाइट बॅलन्स मुद्दाम चुकीचं, म्हणजे बल्बचं ठेवून आणखी एक काढा.

५. संगणकावर प्रत्येक जोडीला एक्स्पोजरच्या स्लायडरने सारख्या उजेडावर आणा आणि १०० टक्के मोठं करून पाहा. आकाशात ढग परत येतात का? कोपऱ्यातल्या सावलीत रंगीत डाग कधी दिसू लागतात?

६. हेच सगळं आयएसओ ३२०० वर एकदा करा.

आता तुमच्याकडे दोन आकडे आहेत : रॉ वर किती सावरते आणि खाली किती. कुठे जेपेग पुरेल आणि कुठे नाही, हे ठरवायला तेवढे पुष्कळ झाले. अनेकांना इथे एक धक्का बसतो : योग्य एक्स्पोजरच्या जोडीत कॅमेऱ्याचं जेपेग आपण केलेल्या रॉपेक्षा चांगलं दिसतं. बसायलाच हवा. त्या कंपनीच्या अभियंत्यांनी त्या सेन्सरच्या रंगांवर वर्षानुवर्षं काम केलेलं असतं.

पायरी ४ : प्रसंग पाहून ठरवा

निसर्गचित्रं, सूर्योदय-सूर्यास्त, वास्तू, रात्रीचं आकाश : रॉ. उजेडाचा पल्ला मोठा, फोटो कमी, वेळ भरपूर. विचार करण्यासारखं काही नाही.

लग्न-समारंभ : रॉ. उजेड दर दहा मिनिटांनी बदलतो, पांढरे आणि काळे कपडे एकाच चौकटीत येतात, आणि क्षण परत घेता येत नाही. इथे आकारमान हा खर्च मानून चालायचं. रंगमंचही यातच येतो. निळ्या-जांभळ्या एलईडी दिव्यांखाली एखादाच रंग टोकाला जातो आणि जेपेगमधला चेहरा सपाट रंगाचा पत्रा होऊन बसतो.

स्टुडिओत, जिथे दिवे तुमचे आणि पार्श्वभूमीही तुमची, तिथे जेपेगविरुद्ध फारसं काही बोलता येत नाही. शेकडो वस्तूंचे एकसारखे फोटो काढायचे असतील तर राखाडी कार्डावरून व्हाइट बॅलन्स पक्का करा, एक्स्पोजर पक्कं करा आणि जेपेग काढा. ओळखपत्रांचे फोटो, दस्तऐवजांच्या प्रती, कामाच्या नोंदीचे फोटो यांनाही जेपेगच शोभतं.

खेळ आणि वन्यजीव हा अवघड मामला. २४ मेगापिक्सेलची तोट्याविना दाबलेली (माहिती न गमावता आकार लहान केलेली) रॉ साधारण २५ ते ३० एमबी धरली आणि कॅमेरा सेकंदाला २० फोटो काढत असेल, तर सेकंदाला ५००-६०० एमबी माहिती तयार होते. यूएचएस-२ प्रकारच्या एसडी कार्डांची कमाल गती सेकंदाला ३०० एमबीच्या आसपास, तीही कागदावर. म्हणजे बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती तात्पुरती जागा) भरणार आणि कॅमेरा नेमक्या झेपेच्या वेळी थबकणार. उपाय तीन : कॅमेऱ्यात अधिक वेगवान सीएफएक्सप्रेस कार्ड चालत असेल तर ते, किंवा दाबलेली रॉ, किंवा जेपेग. भरदिवसाच्या मैदानी सामन्यात मी तिसरा निवडेन; जंगलात झाडांखाली पहाटे, दुसरा. जलद मालिकेत काही कॅमेरे रॉ गुपचूप १४ वरून १२ बिटांवर आणतात, पण आधी म्हटल्याप्रमाणे त्याची फिकीर करू नका.

बातमीदारीत नियमच वेगळे. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०१५ मध्ये आपल्या मुक्त छायाचित्रकारांना कळवलं की रॉवरून तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातलं मूळ जेपेग पाठवा. वेग आणि फोटोत ढवळाढवळ न होणं, ही दोन कारणं होती. उलट वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धा पुढच्या फेरीतल्या फोटोंची मूळ फाईल मागवून पडताळणी करतात. रॉ असेल तर ही पडताळणी सोपी जाते, कारण नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ फाईलच्या मूळ मोजमापांवर कुणी लिहीत नाही. स्पर्धांना फोटो पाठवण्याचा विचार असेल तर हे एकच कारण रॉ काढायला पुरेसं आहे.

घरगुती फोटो, सहली, वाढदिवस : इथे स्वतःशी प्रामाणिक राहायचं. गेल्या वर्षभरात काढलेल्या रॉपैकी किती उघडल्या, ते आठवा.

पायरी ५ : रॉ ठरली असेल तर सेटिंग

रॉमध्येही सहसा तीन उपपर्याय असतात. ‘अनकम्प्रेस्ड’ विसरून जा. २४ मेगापिक्सेल × १४ बिट म्हणजे ४२ एमबी, आणि त्यातून पदरात जास्तीचं काही पडत नाही. ‘लॉसलेस कम्प्रेस्ड’ हा बहुतेकांसाठी योग्य पर्याय. माहिती तंतोतंत तीच, जागा कमी. तिसरा, थोडा तोटा पत्करून दाबलेला प्रकार : कॅननची सी-रॉ, निकॉनची हाय एफिशियन्सी वगैरे. सोनीच्या जुन्या दाबलेल्या रॉमध्ये तीव्र कडांभोवती खुणा दिसत, त्यामुळे या प्रकाराचं नाव खराब झालं. आताचे प्रकार बरेच सुधारले आहेत आणि जलद मालिकेसाठी वापरायला हरकत नाही. तुमच्या कॅमेऱ्याचा कसा आहे, ते पायरी ३ मधल्या परीक्षेत कळेलच.

आता हिस्टोग्राम. तो दडवलेल्या जेपेगवरून काढलेला असतो, म्हणून पिक्चर स्टाइल (जेपेगच्या रंग-कॉन्ट्रास्टचं तयार सेटिंग) ‘व्हिविड’ असेल तर आकाश पांढरं पडल्याचा इशारा खरं तर काही पडलेलं नसतानाच येतो. रॉ काढताना स्टाइल ‘न्यूट्रल’ किंवा ‘फ्लॅट’ ठेवा. पडद्यावरचा फोटो फिका दिसेल, पण इशारा खरेपणाच्या जवळ जाईल. मग जे महत्त्वाचे उजळ भाग आहेत ते पडद्यावर इशारा म्हणून लुकलुकणार नाहीत इतपत एक्स्पोजर वर ठेवा. प्रकाश जितका जास्त तितके सावलीतले दाणे कमी.

कॅननचं ‘हायलाइट टोन प्रायॉरिटी’ आणि फुजीफिल्मचं ‘डायनॅमिक रेंज २००/४००’ रॉ काढताना बंद ठेवा. ही सोय सेन्सरला कमी प्रकाश देऊन उजळ भाग वाचवते आणि मग सावल्या वर ओढते. तेच काम तुम्ही नंतर अधिक नेमकेपणाने करू शकता. कलर स्पेस, म्हणजे फाईलमधल्या रंगांचा पल्ला, एसआरजीबी आहे की ॲडोबी आरजीबी, याने रॉच्या मोजमापांत फरक पडत नाही.

पायरी ६ : जेपेग ठरलं असेल तर सेटिंग

इथे जास्त काळजी लागते, हे लोकांना पटत नाही. दर्जा सर्वांत वरचा, आकार मोठा. जागा वाचवण्यासाठी आकार कमी करू नका, कार्ड मोठं घ्या. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर सोडायचं तर उजेड एकसारखा असतानाच, एरवी प्रसंगाचं नेमकं प्रीसेट किंवा राखाडी कार्डावरून मोजलेलं. नंतर थोडंफार सुधारायचं असेल तर कॉन्ट्रास्ट एक घर खाली, धार आणि दाणे पुसणं मधल्यापेक्षा कमी ठेवा. पुसलेला तपशील परत येत नाही, राहिलेले दाणे मात्र नंतर पुसता येतात. वर बंद ठेवायला सांगितलेल्या उजळ भाग वाचवणाऱ्या सोयी इथे सुरू करा. निकॉनची ‘ॲक्टिव्ह डी-लायटिंग’ आणि सोनीची ‘डीआरओ’ याही जेपेगमध्येच उपयोगाच्या. कलर स्पेस एसआरजीबी. ॲडोबी आरजीबीतलं जेपेग रंगव्यवस्था न कळणाऱ्या ॲपमध्ये उघडलं की मलूल दिसतं.

एक्स्पोजर थोडं कमी बाजूला ठेवलेलं बरं. जेपेगमध्ये पांढरं झालेलं आकाश गेलंच.

फाईल उघडल्याने, कॉपी केल्याने किंवा पेनड्राइव्हवर नेल्याने जेपेग खराब होतं, ही अफवा आहे. खराब होतं ते बदल करून पुन्हा जेपेग म्हणून सेव्ह केल्यावर, दर वेळी थोडं. लाइटरूम किंवा डार्कटेबलसारखी सॉफ्टवेअर मूळ फाईलला हात लावत नाहीत, बदलांची नोंद वेगळी ठेवतात. थर लावून जास्त काम करायचं असेल तर मधली फाईल १६ बिट टिफमध्ये (तपशील न गमावणारा फाईलप्रकार) ठेवा. २४ मेगापिक्सेलला ती १४४ एमबीची होते, म्हणून काम संपल्यावर तिची गरज आहे का ते पाहा.

दोन्ही एकदम का नाही?

‘रॉ + जेपेग’ हा पळवाटेसारखा वाटणारा पर्याय खरं तर तीन ठिकाणी चोख आहे : रॉ शिकत असताना, फोटो तिथल्या तिथे कुणाला द्यायचा असेल तेव्हा, आणि कृष्णधवल पाहत काढायचं असेल तेव्हा. कृष्णधवल स्टाइल ठेवली की पडद्यावर आणि जेपेगमध्ये रंग नसतात, रॉमध्ये मात्र सगळे असतात. कायमचा मार्ग म्हणून मला तो आवडत नाही. ६४ जीबीच्या कार्डात २८ एमबीच्या रॉ सुमारे २,२०० बसतात, १० एमबीची जेपेग सुमारे ६,०००, आणि दोन्ही मिळून जेमतेम १,६००. शिवाय प्रत्येक फोटोच्या दोन प्रती सांभाळायच्या, त्यातली एक पुसली की दुसरी अनाथ. तसंही बऱ्याच कॅमेऱ्यांत रॉवरून जेपेग बनवण्याची सोय असते. तातडीने एक फोटो पाठवायचा तर तेवढ्यावर भागतं.

कॅमेऱ्यात कार्डाचे दोन स्लॉट असतील तर एकात रॉ, दुसऱ्यात जेपेग ठेवण्यापेक्षा दोन्हींत रॉ ठेवा.

फोन आणि हेइफ

फोनचं गणित वेगळं आहे. त्याचा सेन्सर लहान, पण तो एका फोटोसाठी अनेक फ्रेम घेऊन त्या एकमेकींवर बसवतो. साधी रॉ काढली की ही सगळी मेहनत बाजूला पडते आणि हाती एकाच फ्रेमची दाणेदार फाईल येते. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून आहे, आणि ती वापरून निराश झालेले लोक कमी नाहीत. ॲपलने २०२० साली आयफोन १२ प्रोसोबत आणलेली प्रोरॉ हा मधला मार्ग : फ्रेम आधी एकत्र होतात, डिमोझेइकिंगही झालेलं असतं, पण रंग आणि उजेडाची लवचीकता बरीचशी राहते. १२ मेगापिक्सेलला साधारण २५ एमबी, ४८ ला ७५ एमबी. तिवईवरचं संथ दृश्य असेल तरच तिच्या वाटेला जा.

हेइफ हे जेपेगचं धाकटं, जास्त हुशार भावंड. तितक्याच दर्जाला फाईल जवळपास निम्मी. आयफोनमध्ये ते २०१७ च्या आयओएस ११ पासून आहे. कॅननच्या १डीएक्स मार्क ३ आणि सोनीच्या ए७एस ३ मध्ये ते २०२० साली १० बिटांसह आलं, म्हणजे प्रत्येक रंगाला १,०२४ पायऱ्या. अडचण एकच, ती म्हणजे समोरच्याकडे फाईल उघडेल याची खात्री नसते. छापखान्याला किंवा अर्जासोबत फोटो द्यायचा असेल तर जेपेगच द्या. रॉची जागा हेइफ घेत नाही. तेही तयार चित्रच आहे.

पायरी ७ : रॉपासून तयार फोटोपर्यंत

सॉफ्टवेअरवर पैसे घालवण्याआधी कॅमेऱ्यासोबत मिळणारं वापरून पाहा : कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ. ती संथ असतात, पण कंपनीचे रंग तंतोतंत देतात. डार्कटेबल आणि रॉथेरपी पूर्ण मोफत आहेत आणि ताकदीला कुठेही कमी नाहीत. डार्कटेबल शिकायला मात्र चिकाटी लागते. लाइटरूम आणि कॅप्चर वन पैसे घेतात आणि त्या बदल्यात वेळ वाचवतात.

क्रम असा ठेवा. आधी निवड करा आणि नको ते काढून टाका. फोटो मेकॅनिकसारखी साधनं दडवलेलं जेपेगच दाखवतात, म्हणून हजार फोटो झरझर पाहता येतात. मग लेन्सची दुरुस्ती, व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर. त्यानंतर उजळ भाग आणि सावल्या. रंगांना हात सर्वांत शेवटी. एआयवर चालणारं दाणे पुसणं वापरायचं असेल तर ते सुरुवातीलाच करा, बाकीचे बदल त्यावर चढवा. एका उजेडातल्या एका फोटोवर नीट काम करून तेच बदल त्या मालिकेतल्या सगळ्यांना लावा. रॉला वेळ लागतो अशी तक्रार करणारे बहुतेक जण प्रत्येक फोटो शून्यातून करत बसतात.

पडद्यासाठी काढताना जेपेग, एसआरजीबी, लांब बाजू २,०४८ पिक्सेल, दर्जा ८५ ते ९०. १०० वर नेलं तर फाईल फुगते, नजरेला फरक सापडत नाही. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरा. ६,००० × ४,००० चा फोटो त्या हिशेबाने २० × १३ इंच छापता येतो. मेसेजिंग ॲपवरून पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ॲप त्याला पुन्हा दाबतं.

पायरी ८ : फायली जपणं

कॅननची सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, फुजीफिल्मची आरएएफ : प्रत्येक कंपनीचं रॉ वेगळं, आणि नवा कॅमेरा घेतला की जुन्या सॉफ्टवेअरला त्याची फाईल ओळखू येत नाही. ॲडोबीने २००४ साली डीएनजी नावाचं सर्वांसाठी खुलं रूप आणलं. लायका आणि रिकोचे जीआर कॅमेरे थेट डीएनजीच लिहितात, पेंटॅक्समध्ये तो पर्याय असतो. इतरांसाठी ॲडोबीचं मोफत रूपांतरक आहे. सॉफ्टवेअर जुनं असेल तर तेच वापरा. एरवी मूळ फाईल ठेवण्याकडे माझा कल आहे, कारण रूपांतरानंतर कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सहसा उघडत नाही.

रॉ फाईलशेजारी एक्सएमपी नावाची छोटी फाईल दिसली तर ती पुसू नका. तुमचे सगळे बदल तिच्यात आहेत. लाइटरूम क्लासिकमध्ये ते मुळात कॅटलॉगमध्ये (लाइटरूमची स्वतःची नोंदवही) असतात, म्हणून बॅकअप घेताना कॅटलॉगही घ्या. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक वेगळ्या ठिकाणी, हा जुना नियम इथे लागू आहेच.

सगळ्याच रॉ आयुष्यभर ठेवायच्या नसतात. काम पूर्ण झाल्यावर निवडलेल्या फोटोंच्या रॉ ठेवा, ‘कदाचित’ वाल्यांची पूर्ण आकाराची जेपेग काढून रॉ पुसा, बाकीचं सगळं पुसून टाका. हे त्याच आठवड्यात करा. सहा महिन्यांनी कोणता फोटो का काढला होता हे आठवत नाही, आणि मग पुसायला हात धजावत नाही.

डिस्क भरायला लागली आणि ही छाटणी दर वेळी मागेच पडू लागली, तर पुढच्या खेपेला बाहेर पडताना मेनूतला तो पर्याय जेपेगवर आणा आणि पायरी ६ उघडून बसा.